‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ : माफीनाम्याचं इंजिनियरिंग

लोकल लेट झाली की स्टेशनवर घोषणा होते, "प्रवाशांना होणाऱ्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत." ही घोषणा ऐकून प्लॅटफॉर्मवरच्या एकाचा तरी राग शांत झालेला कोणी पाहिलाय का? आवाज रेकॉर्ड केलेला, वाक्य रोजचंच, आणि कारण बहुतेक वेळा ‘तांत्रिक बिघाड’. कुठला बिघाड, कशामुळे, उद्या पुन्हा होणार का, याचा त्यात पत्ताच नसतो.

आता जपानमधली एक गोष्ट बघा. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी टोकियोजवळच्या त्सुकुबा एक्स्प्रेस मार्गावरची एक गाडी मिनामी-नागारेयामा स्टेशनवरून ९ वाजून ४४ मिनिटं ४० सेकंदांनी सुटायची, ती ४४ मिनिटं २० सेकंदांनी सुटली. म्हणजे चक्क वीस सेकंद लवकर! एकाही प्रवाशाने तक्रार केली नव्हती. तरीही कंपनीने जाहीर माफी मागितली. सगळं जग या बातमीवर हसलं. पण मित्रांनो, त्या छोट्याशा निवेदनात तीन गोष्टी होत्या. काय झालं : गाडी वीस सेकंद आधी सुटली. का झालं : गाडीवरच्या कर्मचाऱ्याने सुटण्याची वेळ नीट तपासली नाही. पुढे काय : ठरलेली कार्यपद्धती काटेकोर पाळण्याची सूचना सगळ्या कर्मचाऱ्यांना दिली.

आपल्या लोकलच्या घोषणेत आणि या निवेदनात जो फरक आहे, त्याबद्दलच हा लेख आहे. हल्ली दर आठवड्याला कोणी ना कोणी माफी मागत असतं. कधी विमान कंपनी, कधी मोबाईल कंपनी, कधी यूट्यूबवरचा एखादा स्टार. आपल्याला वाटतं, हे काम जाहिरात खात्यातल्या लोकांचं, आपला काय संबंध? संबंध आहे! कारण माफीनाम्यातला सगळ्यात अवघड परिच्छेद, म्हणजे ‘नेमकं काय बिघडलं’, तो कोणत्याही कंपनीत शेवटी इंजिनियरलाच लिहावा लागतो. आणि तो खरा लिहायचा की गोलमाल, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांसमोर कधी ना कधी येणार आहे.

खेद, दिलगिरी, माफी

मराठी भाषा या बाबतीत फारच श्रीमंत आहे. ‘खेद आहे’ म्हणजे वाईट वाटलं. पण चूक माझी होती असं काही मी म्हटलेलं नाही. ‘दिलगीर आहोत’ म्हणजे थोडं जास्त वाईट वाटलं. ‘माफी मागतो’ म्हटलं की मात्र चूक माझी आणि निर्णय तुमच्या हातात. वर्तमानपत्रांत येणारे खुलासे एकदा या नजरेने वाचा. बहुतेकांची गाडी खेद आणि दिलगिरी या दोन स्टेशनांच्या मध्येच कुठेतरी थांबलेली दिसेल. आपल्या जुन्या व्यापाऱ्यांनी तर बिलाच्या खाली ‘चू. भू. द्या. घ्या.’ छापून चूक व्हायच्या आधीच मामला मिटवून टाकला होता!

पळवाटांचेही ठरलेले प्रकार आहेत. पहिला म्हणजे ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर’. सी प्रोग्रॅमिंग शिकलेल्याला हे लगेच कळेल. माफी ‘इफ’च्या ब्लॉकमध्ये टाकली आहे, कंडिशन खरी ठरली नाही तर तो कोड चालणारच नाही. दुसरा प्रकार ‘चूक झाली’. या वाक्यात कर्ता चूकच आहे, म्हणजे ती आपली आपण होते, कोणी करत नाही! तिसरा प्रकार गोड शब्दाचा. एप्रिल २०१७ मध्ये शिकागो विमानतळावर युनायटेड एअरलाइन्सच्या विमानातून एका प्रवाशाला अक्षरशः फरपटत बाहेर काढलं गेलं. इतर प्रवाशांनी काढलेले व्हिडिओ जगभर पोचले. दुसऱ्या दिवशी कंपनीचे प्रमुख ऑस्कर म्युनोझ यांनी माफी मागितली ती कशाची? तर या प्रवाशांची ‘दुसरी व्यवस्था करावी लागली’ याची! लोक आणखी भडकले. त्याच्या पुढच्या दिवशी त्यांना नवीन, सरळ शब्दांतली माफी मागावी लागली.

मग चांगल्या माफीत असतं तरी काय? अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचे प्राध्यापक रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी माफीचे सहा भाग पाडले : खेद व्यक्त करणं, काय चुकलं ते समजावणं, जबाबदारी स्वीकारणं, पुन्हा असं करणार नाही म्हणणं, नुकसान भरून द्यायची तयारी दाखवणं आणि क्षमा करा अशी विनंती. लोकांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग ठरला जबाबदारी स्वीकारणं. त्याखालोखाल भरपाई. आणि सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग कोणता? ‘आम्हाला क्षमा करा’ ही विनंती! म्हणजे ज्याच्यावर सगळे जण सर्वांत जास्त जोर देतात, नेमकं तेच कोणाला नको असतं.

सत्तावीस हजार वर्षांतून एकदा

आता आपल्या शाखेतलं उदाहरण घेऊ. १९९३ साली इंटेलने पेंटियम प्रोसेसर बाजारात आणला. १९९४ मध्ये अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांवर (३ आणि ५, ११ आणि १३ अशा जोड्यांवर) काम करत होते. त्यांच्या उत्तरांत फरक येऊ लागला. आधी त्यांनी स्वतःचा प्रोग्रॅम तपासला, मग मशीनचे इतर भाग तपासले, आणि काही महिन्यांनी या निष्कर्षाला आले की प्रोसेसरच भागाकार चुकतो आहे.

हे तुम्ही स्वतः करून बघा. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं तर उत्तर १.३३३८२०४४९ असं येतं. त्या पेंटियमवर १.३३३७३९०६८ यायचं. म्हणजे चौथ्या दशांश स्थळापासूनच उत्तर चूक. चारशे रुपयांच्या कॅल्क्युलेटरला जे जमतं ते जगातल्या सगळ्यात गाजलेल्या प्रोसेसरला जमत नव्हतं!

कारण काय होतं? भागाकार वेगाने व्हावा म्हणून इंटेलने एसआरटी नावाची पद्धत वापरली होती. तिच्यात भागाकाराचा पुढचा अंक एका तयार तक्त्यातून उचलला जातो, आपण पाढे पाठ करतो तसंच. हा तक्ता चिपमध्ये भरताना पाच महत्त्वाच्या जागी +२ ऐवजी शून्य राहून गेलं. बहुतेक भागाकार त्या जागांपर्यंत पोचतच नसत, म्हणून टेस्टिंगमध्येही चूक सापडली नाही.

इथपर्यंत ही साधी चूक होती. चुका कोणाच्याही हातून होतात. खरी गंमत पुढे आहे. इंटेलला हा दोष नाइसलींच्या पत्राआधीच, १९९४ च्या उन्हाळ्यात, घरच्या घरी सापडला होता. पण बोंबाबोंब न करता पुढच्या चिप्समध्ये दुरुस्ती करायची असं ठरलं. नोव्हेंबरमध्ये बातमी फुटल्यावर कंपनीने सांगितलं की सामान्य माणसाला ही चूक सत्तावीस हजार वर्षांतून एकदा भेटेल. प्रोसेसर बदलून मिळेल, पण आपल्या कामाला अचूक भागाकाराची खरोखर गरज आहे हे ग्राहकाने आधी पटवून द्यायचं!

इंटेलचं गणित अगदीच खोटं होतं असं नाही. घरी पत्रं टाइप करणाऱ्याला त्याने काही फरक पडत नव्हता. पण ग्राहकाचा प्रश्न ‘चूक किती वेळा होते’ हा नव्हताच. त्याचा प्रश्न होता, ‘पैसे मी मोजले, मग माझ्या कामाला काय चालेल हे तुम्ही कोण ठरवणार?’ १२ डिसेंबरला आयबीएमने पेंटियमच्या मशीन्स पाठवणं थांबवलं. आयबीएमच्या हिशोबाने काही ग्राहकांना ही चूक चोवीस दिवसांतून एकदाही भेटू शकत होती. सत्तावीस हजार वर्षं कुठे आणि चोवीस दिवस कुठे!

अखेर २० डिसेंबर १९९४ रोजी इंटेलने शरणागती पत्करली. मागेल त्याला प्रोसेसर बदलून मिळेल, कारण विचारणार नाही. वर्तमानपत्रांत पानभर माफीनामा छापला गेला आणि त्याखाली अँडी ग्रोव्ह, क्रेग बॅरेट आणि गॉर्डन मूर या तिघांची नावं होती. (हो, ‘मूर्स लॉ’वालेच मूर!) आपलं आधीचं धोरण लोकांना उर्मट वाटलं हेही कंपनीने मान्य केलं. या प्रकरणाचा हिशोब जानेवारी १९९५ मध्ये जाहीर झाला : ४७.५ कोटी डॉलर. लक्षात घ्या, चूक तक्त्यातल्या पाच शून्यांची होती, पण विश्वास गेला तो नंतरच्या टाळाटाळीमुळे.

अठ्ठ्याहत्तर मिनिटं

तीस वर्षांनी जवळपास असाच खेळ पुन्हा झाला. १९ जुलै २०२४, भारतात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने एक अपडेट पाठवलं आणि जगभरचे संगणक निळा स्क्रीन दाखवून बंद पडू लागले. अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतलं गेलं, पण तोपर्यंत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख मशीन्स आडव्या झाल्या होत्या. विमानतळ, बँका, हॉस्पिटल्स सगळीकडे हाहाकार. आपल्याकडे काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले, ते फोटो तुम्ही पाहिले असतील.

कंपनीचे प्रमुख जॉर्ज कुर्ट्झ यांनी दिलेला पहिला खुलासा तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता : हा सायबर हल्ला नाही, दोष सापडला आहे, दुरुस्ती पाठवली आहे. त्यात एकच गोष्ट नव्हती. ‘सॉरी’! विमानतळावर लहान मुलाला घेऊन बसलेल्या माणसाला ‘दोष आयसोलेट केला आहे’ हे वाक्य काय कामाचं? टीका झाली आणि काही तासांत टीव्हीवर माफी मागितली गेली. पुढच्या आठवड्यात कंपनीने सहकारी कंपन्यांच्या लोकांना दहा डॉलरची खाण्याची कूपनं पाठवली. ती इतक्या जणांनी एकदम वापरली की समोरच्या कंपनीच्या यंत्रणेला हा फ्रॉड वाटला आणि अनेकांची कूपनं चाललीच नाहीत! माफीचंही टेस्टिंग करावं लागतं, ते असं.

पण नंतर कंपनीने जे केलं ते शिकण्यासारखं आहे. ६ ऑगस्टला त्यांनी मूळ कारणाचा सविस्तर रिपोर्ट सगळ्यांसाठी खुला केला. गोष्ट फर्स्ट इयरच्या पोरालाही समजेल अशी आहे. एका ठिकाणी २१ इनपुट अपेक्षित होते, पण कोड पुरवत होता २०. एकविसावा वाचायला गेलं की मेमरीच्या हद्दीबाहेर उडी. टेस्टिंगमध्ये एकविसाव्या जागी ‘काहीही चालेल’ अशी खूण होती, त्यामुळे चूक दिसलीच नाही. यापुढे अपडेट एकदम सगळ्यांना न देता टप्प्याटप्प्याने देऊ, हेही लिहून दिलं. त्याच महिन्यात लास वेगासच्या डेफकॉन या हॅकर्सच्या मेळाव्यात त्यांना ‘सगळ्यात मोठं अपयश’ म्हणून थट्टेचा पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा कंपनीचे प्रेसिडेंट मायकेल सेन्टोनास स्वतः स्टेजवर गेले आणि ट्रॉफी घेतली. ही आपण मुख्य ऑफिसात ठेवणार, येणाऱ्या-जाणाऱ्या कर्मचाऱ्याला दिसली पाहिजे, असं ते म्हणाले.

चॉकलेटची चांदी आणि माफीची साइझ

आता आपल्या राज्यात येऊ. ऑक्टोबर २००३, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत कॅडबरी डेअरी मिल्कच्या काही चॉकलेट्समध्ये अळ्या सापडल्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली. कंपनीचं पहिलं उत्तर : आमच्या कारखान्यातून माल चांगलाच निघतो, दुकानदारांकडे साठवण नीट होत नाही. त्यावर प्रशासनाचा साधा सवाल : मग पॅकिंग असं का नाही की अळी आत जाऊच शकणार नाही?

हा शुद्ध इंजिनियरिंगचा प्रश्न आहे. दुकानात उंदीर-झुरळं असणार, उन्हाळा असणार, हे गृहीत धरून डिझाइन करायचं की ते आदर्श आहे असं मानून? कंपनीने ‘प्रोजेक्ट विश्वास’ नावाने दुकानदारांना साठवणीचं मार्गदर्शन दिलं, आणि २००४ च्या सुरुवातीला सीलबंद केलेलं नवीन वेष्टन आणलं. अमिताभ बच्चन जाहिरातीत आले ते त्यानंतर. समजा तेच जुनं वेष्टन हातात घेऊन ते आले असते तर? दुरुस्ती आधी आणि जाहिरात नंतर, हा क्रम महत्त्वाचा.

माफीच्या आकाराचा किस्सा तर सुप्रीम कोर्टातच घडला. पतंजलीच्या औषधांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या खटल्यात एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने सांगितलं, आम्ही ६७ वर्तमानपत्रांत माफी छापली आहे. कोर्टाने विचारलं, तुमच्या जाहिराती जेवढ्या मोठ्या असतात तेवढीच ही माफी मोठी आहे का? मूळ कात्रणंच आणा, झेरॉक्स मोठी करून आणू नका! दुसऱ्याच दिवशी मोठ्या आकाराचा माफीनामा छापून आला. न्यायाधीशांनी एक पक्कं मोजमाप देऊन ठेवलं आहे : दावा जेवढा मोठा, माफी तेवढी मोठी.

कॅमेऱ्यासमोरची माफी

कंपन्यांकडे निदान कारखाना, वेष्टन, कोड असं काहीतरी दुरुस्त करायला असतं. यूट्यूब-इन्स्टाग्रामवरच्या मंडळींचा मालच त्यांचा स्वतःचा चेहरा! ३१ डिसेंबर २०१७ ला अमेरिकेच्या लोगन पॉलने जपानच्या आओकिगाहारा जंगलातला, आत्महत्या केलेल्या माणसाचा मृतदेह दाखवणारा व्हिडिओ टाकला. दुसऱ्या दिवशी आलेल्या लेखी माफीत त्याने हेही सांगून टाकलं की मी व्ह्यूजसाठी हे केलं नाही, व्ह्यूज मला मिळतातच. झालं! त्याच्या पुढच्या दिवशी दुसरी, व्हिडिओवरची माफी आली. २०२३ मध्ये कोलीन बॅलिंजरने तर गंभीर आरोपांना युकुलेले वाजवत, गाणं म्हणत उत्तर दिलं.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये एका शोमधल्या अश्लील प्रश्नावरून रणवीर अलाहबादियाने माफी मागितली. समर्थन किंवा कारण देणार नाही, असं त्याने सुरुवातीलाच सांगितलं, ते चांगलंच. पण तोपर्यंत पोलीस तक्रारी सुरू झाल्या होत्या. अशा वेळी पश्चात्ताप किती आणि भीती किती हे बाहेरून कसं ओळखणार? ओळखायचा एकच मार्ग, पुढचं वागणं. शिवाय माफीच्या व्हिडिओलाही व्ह्यूज मिळतातच. ज्या माफीत मागणाऱ्याचं काहीच जात नाही, उलट फायदा होतो, ती स्वस्त होणारच. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर अनेक भारतीय कंपन्यांनी ‘आमचा माल इतका चांगला आहे याबद्दल क्षमस्व’ अशा थट्टेच्या माफीनाम्यांची लाटच आणली होती. ‘लांडगा आला रे’ची गोष्ट या मंडळींनी वाचलेली दिसत नाही.

‘दोन-चार सॉफ्टवेअर इंजिनियर्स’

एवढं सगळं माहीत असूनही कंपन्या सरळ माफी का मागत नाहीत? पहिलं कारण वकील. माफी म्हणजे कबुली, आणि कबुली म्हणजे कोर्टातला पुरावा, ही भीती. म्हणून अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी कायदेच केले की सहानुभूतीचे शब्द पुरावा धरले जाणार नाहीत. पहिला कायदा मॅसॅच्युसेट्सचा, १९८६ चा. मिशिगन विद्यापीठाच्या हॉस्पिटल्सनी २००१ पासून चुका स्वतःहून सांगायला आणि भरपाई द्यायला सुरुवात केली, तर खटले आणि खर्च दोन्ही कमी झाले. म्हणजे ही भीती नेहमी खरी ठरतेच असं नाही.

दुसरं कारण आपल्या जास्त जवळचं आहे. जबाबदारी घ्यायची, पण कोणाच्या नावावर? सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनची (पुण्याजवळ चाकणला कारखाना आहे तीच) चोरी पकडली गेली. जगभरातल्या सुमारे १.१ कोटी डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर होतं की प्रदूषणाची चाचणी चालू आहे हे गाडी ओळखायची आणि तेवढ्यापुरती सभ्य वागायची. रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइड्स मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत. कंपनीप्रमुख मार्टिन विंटरकॉर्न यांनी व्हिडिओवर माफी मागितली आणि राजीनामा दिला. पण ८ ऑक्टोबरला अमेरिकन काँग्रेससमोर कंपनीचे तिथले प्रमुख मायकेल हॉर्न म्हणाले की हा कंपनीचा निर्णय नव्हता, हे दोन-चार सॉफ्टवेअर इंजिनियर्सनी केलं!

पुढे तपासात प्रकरण बरंच वरपर्यंत गेलं, वरिष्ठांवरही खटले झाले. पण ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत चाळीस महिन्यांची शिक्षा झाली ती जेम्स लियांग या इंजिनियरला. त्याचाही दोष होताच, त्याने तो कबूल केला. पण ते वाक्य विसरू नका. माफीनामा गोलमाल असतो तेव्हा जबाबदारी हवेत राहत नाही, ती गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने खालच्या खुर्चीकडे येते. आणि कॅम्पस इंटरव्ह्यूतून आपण बसतो ती खालची खुर्चीच!

तर मग काय?

अटेंडन्स कमी पडला की आपल्याकडून अंडरटेकिंग लिहून घेतात : ‘पुन्हा असे होणार नाही याची हमी देतो.’ दर सेमिस्टरला तेच वाक्य, खाली पालकांची सही. आपल्याला माहीत असतं, घेणाऱ्यालाही माहीत असतं. त्यात कारण नाही, उपाय नाही, फक्त हमी आहे. पुढच्या आयुष्यातली माफी अशी अंडरटेकिंगछाप असू नये एवढंच सांगणं आहे. कोणाचीही माफी वाचताना चार प्रश्न विचारा. चूक तिच्या खऱ्या नावाने लिहिली आहे का? वाक्याला कर्ता आहे का? मूळ कारण सांगितलं आहे का? आणि दुरुस्तीचा खर्च नेमकं कोण उचलतंय?

हे चार प्रश्न तुम्ही लॅबमध्ये फेल्युअर ॲनालिसिस करताना विचारताच. शाफ्ट तुटला तर ‘शाफ्ट तुटल्याबद्दल खेद आहे’ असं जर्नलमध्ये लिहून कोणी मार्क देत नाही. कुठे तुटला, किती लोडला तुटला, का तुटला आणि पुढचा कसा तुटणार नाही हे लिहावं लागतं. नोकरीत एखाद्या दिवशी कोणी म्हणेल, "एवढं खोलात कशाला लिहितोस, ‘तांत्रिक बिघाड’ टाक." तेव्हा तक्त्यातली ती पाच शून्यं आठवा, आणि खरं कारण लिहा.